दोन बेटे, दोन संसार

वेस्ट इंडीज हे नाव आपल्या घराघरांत पोहोचले ते क्रिकेटमुळे. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवले. सलीम दुराणींनी त्या सामन्यात क्लाइव्ह लॉइड आणि गॅरी सोबर्स यांना बाद केले आणि पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या सुनील गावसकरांनी दोन्ही डावांत अर्धशतके केली. ही कहाणी आपल्याकडच्या जुन्या माणसांना अजून तोंडपाठ असते. पण वेस्ट इंडीज नावाचा देश जगाच्या नकाशावर नाही. ज्या पोर्ट ऑफ स्पेनला तो सामना झाला, ते शहर त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशाची राजधानी आहे. सोबर्स हे बार्बाडोसचे, आणि तो वेगळाच देश आहे. झेंडा वेगळा, नाणे वेगळे, कायदे वेगळे.

त्रिनिदाद आणि बार्बाडोस यांच्यात समुद्राचे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. विमानाने तासाभराचा रस्ता. दोन्ही बेटांवर इंग्रजांचे राज्य होते, दोन्हीकडे ऊस पिकला, दोन्हीकडे आफ्रिकेतून माणसे गुलाम करून आणली गेली. तरीही आज एका बेटाचा संसार जमिनीखालच्या तेलावर आणि वायूवर चालतो, तर दुसऱ्याचा परदेशी पाहुण्यांवर. आम्ही दोघांनी ही दोन्ही बेटे एकाच प्रवासात पाहिली. एकाच आईच्या पोटच्या दोन भावांनी वेगवेगळे धंदे धरावेत आणि त्यांची घरे अगदी निराळी दिसू लागावीत, तसे आम्हाला वाटले.

एकीकडे डांबर, दुसरीकडे पोवळे

त्रिनिदाद हे खरे तर दक्षिण अमेरिकेचाच तुटलेला तुकडा आहे. व्हेनेझुएलाचा किनारा सर्वांत जवळच्या ठिकाणी फक्त अकरा किलोमीटरवर येतो. त्यामुळे व्हेनेझुएलाच्या पोटात जे तेल आणि वायू आहे, ते इथेही आहे. बेटाच्या नैर्ऋत्येला ला ब्रे नावाचे गाव आहे. तिथे डांबराचे तळे आहे, सुमारे शंभर एकर पसरलेले. तळे म्हणतात, पण त्यावरून चालता येते. मातीच्या रंगाचा, हत्तीच्या कातडीसारखा सुरकुतलेला पृष्ठभाग. एका जागी जास्त वेळ उभे राहिले तर पाय हळूहळू दबू लागतो. १५९५ साली सर वॉल्टर रॅले याने आपल्या जहाजांच्या फटी इथल्या डांबराने बुजवल्या होत्या. आजही इथून डांबर काढतात आणि ते जगभरच्या रस्त्यांवर जाते. त्या तळ्यावर उभे राहिल्यावर या देशाचे नशीब पायाखाली आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

बार्बाडोसच्या पायाखाली चुनखडी आहे. बेटाचा बहुतेक भाग पोवळ्यांच्या थरांनी बनलेला. ४३१ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही लहान देश. लोकसंख्या तीन लाखांच्या आत. मोठी नदी नाही, मोठा डोंगर नाही. पावसाचे पाणी चुनखडीतून झिरपून खाली साठते, तेच विहिरींतून उपसून प्यायचे. माणशी पाण्याचा हिशेब केला तर हा जगातल्या टंचाईग्रस्त देशांपैकी एक. जमिनीने या बेटाला दिले ते पांढऱ्या वाळूचे किनारे आणि काचेसारखे स्वच्छ पाणी. तीनशे वर्षे त्या वाळूला कुणी किंमत देत नव्हते. आज तिच्यावरच देश जगतो.

माणसे कुठून आली

आमच्या मनात एक प्रश्न होता. त्रिनिदादमध्ये तीन माणसांमागे एक हिंदुस्थानी वंशाचा आहे आणि तासाभराच्या अंतरावरच्या बार्बाडोसमध्ये असा माणूस शोधावा लागतो. असे का?

त्याचे उत्तर गुलामगिरी संपली त्या दिवसांत आहे. १८३४ साली इंग्रजांच्या वसाहतींत गुलामगिरी रद्द झाली आणि १८३८ साली गुलाम खऱ्या अर्थाने सुटले. त्रिनिदाद इंग्रजांच्या हाती आले १७९७ साली. त्यामुळे तिथे अजून पुष्कळ जमीन मोकळी पडली होती. सुटलेली माणसे मळे सोडून त्या जमिनीवर गेली आणि स्वतःचे पिकवू लागली. मळेवाल्यांना मजूर मिळेनात. बार्बाडोसमध्ये मात्र १६२७ पासून इंग्रज होते आणि एकेक इंच जमीन उसाखाली गेली होती. सुटलेल्या माणसाला जायला जागाच नव्हती. तो त्याच मळ्यावर, त्याच मालकाकडे, तुटपुंज्या मजुरीवर राबत राहिला. बार्बाडोसच्या मळेवाल्यांना हिंदुस्थानातून मजूर आणण्याची गरजच पडली नाही.

त्रिनिदादला ती पडली. ३० मे १८४५ या दिवशी पहिले जहाज पोर्ट ऑफ स्पेनला लागले. त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसे होती, कलकत्त्याहून निघालेली. जहाजाचे नाव तिथले लोक ‘फातेल रझाक’ असे उच्चारतात. मूळ शब्द अरबी: फत्ह अल-रज्जाक. रज्जाक म्हणजे रोजी देणारा. हे जहाज मुंबईच्या एका मुसलमान व्यापाऱ्यासाठी बांधले गेले होते, असे तिथल्या इतिहासात सांगतात. पोटासाठी सात समुद्र ओलांडणाऱ्यांना असे नाव असलेले जहाज मिळावे, यावर आम्ही बराच वेळ बोलत बसलो होतो.

त्यानंतर १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे आली. बहुतेक अवध आणि बिहारकडची, काही मद्रासकडची. पाच वर्षांचा करार, उसाच्या मळ्यावर काम, परवान्याशिवाय मळा सोडला तर तुरुंग. १८६९ नंतर काही वर्षे परतीच्या तिकिटाऐवजी जमीन देण्याची योजना निघाली आणि पुष्कळांनी ती घेतली. म्हणूनच त्रिनिदादच्या नकाशावर आज फैजाबाद आहे, बराकपूर आहे, गोवळकोंडा आहे.

आजी, शेवया आणि डबल्स

या माणसांत मुसलमानही होते. आज देशाच्या सुमारे चौदा लाख लोकांत मुसलमान पाच टक्क्यांच्या आसपास आहेत. ईद-उल-फित्रला सगळ्या देशाला सुट्टी असते आणि दिवाळीलाही. उर्दू आणि भोजपुरी जवळजवळ गेली. खुतबा इंग्रजीत होतो, मुले घरात इंग्रजीच बोलतात. पण नात्यांचे शब्द राहिले. वडिलांच्या आईला तिथे ‘आजी’ म्हणतात आणि वडिलांच्या वडिलांना ‘आजा’. आईकडचे नाना-नानी. एका घरी जेवायला बसलो असताना नात आतून ‘आजी!’ म्हणून हाक मारत आली, तेव्हा क्षणभर आपण रत्नागिरीतच आहोत असे वाटले. ईदच्या शेवयांना ते ‘सवाईन’ म्हणतात. लग्नात आणि मोहरमच्या मिरवणुकीत जे वाजते, त्याला ‘तासा’. तो आपला ताशाच.

रस्त्यावर सकाळी सकाळी लोक ‘डबल्स’ खायला रांग लावतात. हळद घातलेल्या मऊ पिठाचे दोन तळलेले बारा, मध्ये हरभऱ्याची उसळ, वर चिंचेची चटणी आणि कैरीचा कुचेला. हा पदार्थ १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाउनच्या इमामुल दीन आणि त्यांच्या पत्नी रसूलन यांनी सुरू केला, असे सगळा देश मानतो. आधी एकच बारा देत. गिऱ्हाइके दोन मागू लागली, म्हणून ‘डबल्स’ हे नाव पडले. आफ्रिकन, हिंदुस्थानी, चिनी, सगळेच खातात. एका गरीब मुसलमान घरातल्या चुलीने सगळ्या देशाला न्याहारी दिली.

या समाजाने फार लवकर दोन गोष्टी ओळखल्या: शाळा आणि कायदा. सुरुवातीला शिक्षण मिशनऱ्यांच्या हाती होते आणि शिकायचे तर धर्म सोडण्याचा मोह समोर असे. १९२० आणि १९३० च्या दशकांत मुसलमानांनी आपल्या संस्था बांधल्या. तकवियतुल इस्लामिक असोसिएशन आणि अंजुमन सुन्नतुल जमात असोसिएशन या दोन मोठ्या. त्यांनी मशिदींबरोबर शाळा काढल्या आणि त्यांपैकी अनेक आज सरकारी अनुदानावर चालतात. तिथे बिगरमुसलमान मुलेही शिकतात. निकाह कायद्याने नोंदला जात नव्हता आणि मुले कागदोपत्री अनौरस ठरत होती. त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या करून १९३० च्या दशकात मुस्लिम विवाह नोंदणीचा कायदा करून घेतला गेला. वारसाहक्काच्या भांडणात ज्या बाईच्या हाती कागद नसतो तिचे काय होते, हे आपल्याकडच्या घरांना सांगायला नको.

त्याचे फळ पुढे दिसले. निवृत्त न्यायाधीश नूर हसनअली १९८७ ते १९९७ अशी दहा वर्षे देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. अमेरिका खंडात राष्ट्रप्रमुखपदी पोहोचलेले ते पहिले मुसलमान मानले जातात. त्यांच्या काळात राष्ट्राध्यक्षांच्या निवासात मेजवान्यांना मद्य दिले जात नसे. याबद्दल तिथले लोक आजही आदराने बोलतात, मुसलमान नसलेलेही.

याच समाजाने जखमाही पाहिल्या. ऑक्टोबर १८८४ मध्ये सॅन फर्नांडो शहरात शिरू पाहणाऱ्या मोहरमच्या मिरवणुकींवर इंग्रज सरकारच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या. डझनाहून अधिक माणसे मारली गेली, आणि त्यांत हिंदूही होते, कारण ताजियामागे सगळे मजूर एकत्र चालत. १९९० च्या जुलैमध्ये उलटे घडले. ‘जमात अल मुस्लिमीन’ नावाच्या एका सशस्त्र गटाने संसदेत घुसून पंतप्रधानांना सहा दिवस ओलीस धरले. त्या घटनेने सामान्य मुसलमान कुटुंबांना वर्षानुवर्षे खाली मान घालून चालावे लागले. हसनअली त्याच वेळी राष्ट्राध्यक्ष होते, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका समाजाकडे दोन्ही चेहरे असतात. जग कुठला लक्षात ठेवील, ते आपल्या हाती अर्धेच असते.

तेलाचा संसार

त्रिनिदादमध्ये तेलाचा व्यवहारी उपसा १९०८ पासून. तेलाच्या रिकाम्या पिंपांपासून इथल्या गरीब पोरांनी ‘स्टीलपॅन’ हे वाद्य बनवले, ते आज राष्ट्रीय वाद्य आहे. पुढे समुद्रातला वायू सापडला. पॉइंट लिसास येथे त्या वायूपासून अमोनिया आणि मिथेनॉल बनवणारे कारखाने उभे राहिले. १९९९ पासून वायू थंड करून, द्रवरूपात जहाजांतून परदेशी जाऊ लागला. पैसा आला. रुंद रस्ते, स्वस्त वीज, स्वस्त पेट्रोल, मोफत महाविद्यालयीन शिक्षण, सरकारी नोकऱ्या.

पण या धंद्याची एक खोड आहे. तो पैसा पुष्कळ देतो आणि काम थोड्यांना देतो. एवढ्या मोठ्या कारखान्यांत देशातल्या कामगारांपैकी अगदी थोडीच माणसे लागतात. बाकीच्यांपर्यंत तो पैसा सरकारच्या हातून पोहोचतो. म्हणून सरकार कुणाचे, हा प्रश्न तिथे फार तिखट होतो. पक्षही बऱ्याच अंशी आफ्रिकन आणि हिंदुस्थानी अशा वंशांच्या रेषेने विभागलेले आहेत. तिजोरीची चावी कुणाकडे, यावरच सगळे राजकारण फिरते.

दुसरी गोष्ट अशी, की तेलाच्या पैशापुढे बाकीचे धंदे फिके पडले. ज्या उसासाठी आपली माणसे नेली, तो ऊस जवळजवळ संपला. सरकारी साखर कंपनी २००३ साली बंद झाली आणि सुमारे नऊ हजार माणसांची नोकरी गेली. २०१८ मध्ये पॉइंट-अ-पिएरचा जुना तेलशुद्धीकरण कारखानाही बंद झाला. वायूचे उत्पादन २०१० च्या सुमारास शिखरावर होते, त्यानंतर ते बरेच उतरले. द्रवरूप वायूच्या चार संचांपैकी पहिला २०२० च्या अखेरीपासून थंड पडला आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आता बाजारात अमेरिकी डॉलरची टंचाई आहे. एका दुकानदाराने आम्हाला सांगितले, माल मागवायचा तर बँकेच्या दारात महिनोन् महिने थांबावे लागते. गुन्हेगारी वाढली आहे. २०२४ मध्ये एवढ्याशा देशात सहाशेहून अधिक खून झाले आणि वर्ष संपता संपता आणीबाणी लावावी लागली. अंधार पडल्यावर बाहेर पडू नका, असे आम्हाला ज्याने त्याने बजावले.

एक शहाणपण मात्र त्यांनी केले. २००७ मध्ये वारसा आणि स्थैर्य निधी स्थापन केला. तेलाचे भाव चढे असताना त्यात भर घालायची आणि पडत्या काळात त्यातून काढायचे. त्यात आज पाच अब्ज अमेरिकी डॉलरहून अधिक रक्कम आहे. हजरत युसूफ (अ.स.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळासाठी धान्य राखून ठेवायला सांगितले, ती हीच रीत. तिथले जाणकार म्हणतात, आणखी साठवायला हवे होते. सुकाळात असे म्हणणारा नेहमी एकटाच असतो.

उचलून नेता येणारे घर

बार्बाडोसला उतरलो तेव्हा पहिले जाणवले ते निवांतपण. बस थांब्यावर लोक अनोळखी माणसालाही ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात, आणि न म्हटले तर तो उद्धटपणा समजतात. निळ्या सरकारी बसगाड्या, पिवळ्या मिनीबस. शाळकरी मुले इस्त्रीच्या गणवेशात. इथली संसद १६३९ पासून आहे. एकेकाळी या बेटाला ‘लिटल इंग्लंड’ म्हणत. २०२० मध्ये राजधानी ब्रिजटाउनच्या चौकातला नेल्सनचा पुतळा काढला आणि ३० नोव्हेंबर २०२१ रोजी इंग्लंडच्या राणीला राष्ट्रप्रमुखपदावरून निरोप देऊन देश प्रजासत्ताक झाला. गाजावाजा नाही, दगडफेक नाही. त्रिनिदाद १९७६ मध्येच प्रजासत्ताक झाले होते.

गावांतून लाकडी घरे दिसतात. छोटी, चौकोनी, मधोमध दार, दोन बाजूंना दोन खिडक्या, आणि जोते म्हणून नुसते सैल रचलेले दगड. त्यांना ‘चॅटल हाउस’ म्हणतात, म्हणजे हलवता येणारी मालमत्ता. सुटलेला गुलाम मळेवाल्याच्या जागेवर घर बांधी, पण जागा त्याची नसे. मालकाने हाकलले की घराच्या फळ्या सोडवायच्या, गाडीवर लादायच्या आणि दुसरीकडे उभ्या करायच्या. आम्ही अशी किती तरी घरे पाहिली, रंगवलेली, पडदे लावलेली. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. भाड्याच्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला मात्र त्या सैल दगडांचा अर्थ लगेच कळतो.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांनी मुलांना शाळेत घातले. १९६२ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झाले आणि विद्यापीठातले शिक्षणही बराच काळ मोफत राहिले. साखर १९६० च्या दशकात दोन लाख टनांच्या घरात होती, आता ती काही हजार टनांवर आली आहे. तिची जागा पाहुण्यांनी घेतली.

सुरतेकडची दुकाने

बार्बाडोसमधले मुसलमान मजूर म्हणून आले नाहीत. ते व्यापारी म्हणून आले, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आधी काही बंगाली, मग सुरतेच्या आसपासच्या गावांतले गुजराती. कापडाचे गाठोडे पाठीवर किंवा सायकलवर घेऊन ते गावोगाव फिरत. बँक ज्याला दारात उभे करत नव्हती, अशा काळ्या मजुराच्या बायकोला ते उधारीवर कापड देत आणि आठवड्याला थोडे थोडे पैसे गोळा करत. पुढे ब्रिजटाउनमध्ये दुकाने झाली आणि मशिदी उभ्या राहिल्या. देशात मुसलमान शंभरात एकही भरणार नाही, पण केन्सिंग्टन न्यू रोडवरच्या जामा मशिदीत जुम्याला गेलो तर गर्दी होती. नमाजनंतर एका वयस्कर दुकानदारांनी आम्हाला थांबवले. ‘मुंबईचे का?’ असे गुजरातीत विचारले आणि चहाला घरी नेले. घरात गुजराती, दुकानात बेटाची इंग्रजी, मशिदीत अरबी. ते म्हणाले, ‘आमच्या वडिलांना इथल्या बायकांनी जगवले. त्यांनी उधारी बुडवली असती तर आम्ही परत गेलो असतो.’

आम्हाला दोन समाजांतला फरक इथे दिसला. त्रिनिदादच्या मुसलमानांनी संस्था बांधल्या, राजकारणात गेले, देशाच्या जेवणात आणि संगीतात मिसळले, आणि त्या वाटेत भाषा गेली. बार्बाडोसच्या मुसलमानांनी भाषा, खाणे आणि लग्नसंबंध जपले, दुकान जपले, पण देशाच्या सार्वजनिक जीवनात ते फारसे पुढे नाहीत. संख्येचाही तो परिणाम आहे. कुणाचे बरोबर, हे ठरवायला आम्ही गेलो नव्हतो. पण बार्बाडोसमधले तरुण आता वकील आणि डॉक्टर होऊ पाहतात आणि दुकानावर कोण बसणार, ही चिंता बापांच्या बोलण्यात येते. ही चिंता आपल्याकडच्या मोहल्ल्यातही नवी नाही.

पाहुण्यांवर चालणारे घर

पर्यटनाची गोष्ट तेलाच्या अगदी उलट. पैसा थोडा थोडा येतो, पण पुष्कळ हातांत जातो. टॅक्सीवाला, हॉटेलातली साफसफाईवाली, मासे विकणारी, भाजीवाली. भेंडी घालून शिजवलेल्या मक्याच्या पिठाबरोबर उडणारे मासे हे तिथले राष्ट्रीय जेवण, आणि ते आम्हाला फार आवडले. रमच्या कारखान्यांची सफर हा पर्यटनाचा मोठा भाग आहे. त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

पण पाहुण्यांवर चालणाऱ्या घरात पाहुणा आला नाही तर चूल पेटत नाही. २०२० मध्ये महासाथीने विमाने थांबली आणि देशाची मिळकत एकदम कोसळली. सरकारने लगेच बारा महिन्यांचा खास परवाना काढला: परदेशी माणसाने इथे राहावे आणि घरबसल्या आपल्या देशातली नोकरी करावी. अडचणीत डोके चालवणे यालाच म्हणतात. मग वादळे आली. २०२१ मध्ये एल्सा आले, साठ-पासष्ट वर्षांत बेटावर धडकलेले पहिले मोठे वादळ. २०२४ मध्ये बेरिलने मासेमारीच्या बोटी मोडल्या.

कर्जाची गोष्ट तर प्रत्येक घराने ऐकावी अशी आहे. बार्बाडोसने १९७५ पासून आपल्या दोन डॉलरला एक अमेरिकी डॉलर हा भाव धरून ठेवला आहे. त्यामुळे भाजीपासून औषधापर्यंत आयात मालाचे भाव लोकांना अंदाजात ठेवता येतात. पण अंथरूण पाहून पाय पसरले गेले नाहीत. २०१८ पर्यंत सरकारचे कर्ज देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दीडपटीवर गेले. नव्या पंतप्रधान मिया मोटली यांनी सत्तेवर येताच परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, सावकारांशी नव्याने बोलणी केली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत घेतली आणि सरकारी नोकऱ्या कमी केल्या. लोकांना ते सोसावे लागले. पण चलनाचा भाव मोडला नाही, आणि कर्जाचे प्रमाण त्यानंतर बरेच खाली आले.

त्या बोलणीत एक अट घातली गेली, ती आम्हाला विशेष वाटली. मोठे वादळ किंवा भूकंप आला तर हप्ते काही काळ आपोआप थांबतील, अशी कलमे नव्या कर्जरोख्यांत आली. मोटली हीच मागणी आता सगळ्या गरीब देशांसाठी जगापुढे मांडत आहेत. अडचणीत सापडलेल्या कर्जदाराला सवड द्यावी, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. एका लहान ख्रिस्ती देशाने ती सावकारांच्या करारात लिहून घेतली.

आणखी एक साधी गोष्ट. बार्बाडोसमध्ये घरोघरी छपरावर सौर उष्णजल टाक्या आहेत. १९७० च्या दशकात तेल महागले, तेव्हा सरकारने करसवलत देऊन त्या लावायला लावल्या. ज्याच्याकडे तेल नव्हते त्याने ऊन वापरले. ज्याच्याकडे तेल होते, त्या शेजाऱ्याला तशी गरज वाटली नाही.

सूसू आणि मीटिंग टर्न

दोन्ही बेटांवर आम्ही बायकांना एक प्रश्न विचारला: घरखर्चातून वाचलेले पैसे कुठे ठेवता? त्रिनिदादमध्ये उत्तर मिळाले ‘सूसू’, बार्बाडोसमध्ये ‘मीटिंग टर्न’. दहा-बारा जणींनी मिळून दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरावीक रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकीला सगळी द्यायची. व्याज नाही, कागद नाही, फक्त शब्द. ही आपली भिशीच. आफ्रिकेतून गुलाम होऊन आलेल्या माणसांनी ही रीत बरोबर आणली आणि बँका त्यांच्यासाठी बंद असताना तिच्यावर छपरे उभी राहिली, मुले शिकली.

भावाभावांची भांडणे होतात तशी या दोन देशांचीही झाली. उडणाऱ्या माशांवरून समुद्राच्या हद्दीचा वाद आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला आणि २००६ मध्ये त्याचा निकाल लागला. तरीही बार्बाडोसच्या दुकानांत त्रिनिदादची बिस्किटे आहेत, आणि क्रिकेटच्या मैदानावर दोघांचा संघ एकच आहे.

आपल्या कोकणातली किती तरी गावे आज आखाताच्या पैशावर उभी आहेत. ती घरे आणि ती शाळांची इमारत पाहिली की समाधान वाटते. पण मिळकतीची वाट एकच असली की ती कधी ना कधी अरुंद होते, हे दोन्ही बेटांनी सांगितले. त्रिनिदादने साठवायला हवे होते त्याहून कमी साठवले. बार्बाडोसने उधारीवर जास्त काळ घर चालवले. पण मुलांच्या शाळेत दोघांनीही हात आखडला नाही, आणि कठीण दिवसांत दोघांनाही त्याचाच आधार आहे. रोजी देणारा रज्जाक आहे, यावर आपला विश्वास आहेच. त्याने दिलेल्यातून या महिन्यात किती खर्चले, किती राखले आणि मुलीच्या फीसाठी किती बाजूला काढले, हा हिशेब मात्र घरच्या वहीत आपल्यालाच लिहायचा आहे.